साडेसात किलोमीटर

मुंबईच्या विजेचा इतिहास सांगताना काही सनावळ्या हमखास येतात. १९०५ मध्ये मुंबईची वीज आणि ट्राम कंपनी, म्हणजे पुढची बेस्ट, स्थापन झाली. १९०७ मध्ये विजेवरची ट्राम धावली. १९१५ पासून टाटांच्या खोपोलीच्या केंद्रातली वीज घाट उतरून गिरण्यांना मिळू लागली. या यादीत आणखी एक तारीख असायला हवी, असे मला वाटते: २२ फेब्रुवारी २०१८. त्या दिवशी घारापुरी बेटावरच्या राजबंदर, शेतबंदर आणि मोराबंदर या तीन वस्त्यांना महावितरणची वीज मिळाली. गेटवेपासून हे बेट जेमतेम दहा किलोमीटरवर आहे.

मी राहतो चंडीगडला, नोकरी तिथल्या इंडस्ट्रियल एरियात. हा भाग शहराच्या पूर्व कडेला, आराखड्यातच कारखान्यांसाठी राखलेला. शहराचे स्वतःचे मोठे वीजकेंद्र नाही. भाक्रासारख्या, शंभरेक किलोमीटर दूरच्या धरणावरची वीज इथे येते आणि त्याचे कुणाला नवल वाटत नाही. म्हणून घारापुरीचा हिशेब मला अधिक खटकतो. तिथे समुद्रतळातून टाकावी लागलेली केबल साडेसात किलोमीटरची होती.

बेटाच्या भोवती वीज नव्हती असेही नाही. १९५६ मध्ये तुर्भ्याचे, म्हणजे ट्रॉम्ब्याचे, औष्णिक केंद्र सुरू झाले. १९८० च्या दशकात उरणला वायूवर चालणारी जनित्रे आली. १९८९ मध्ये न्हावा-शेवा बंदर उभे राहिले आणि तिथले दिवे रात्रभर जळू लागले. तिन्ही बाजूंना झगमगाट, मध्ये काळोखातला डोंगर. समुद्राखालून तार नेण्याची विद्याही नवी नव्हती. सुएझ-एडनकडून आलेली तारायंत्राची केबल १८७० मध्येच मुंबईला पोहोचली होती.

१९८७ मध्ये इथली लेणी जागतिक वारसा ठरली. जगभरातून लोक त्रिमूर्ती पाहायला येत आणि संध्याकाळच्या आत शेवटच्या लाँचने परतत. बेट काळोखात बुडे ते त्यानंतर, तेव्हा ते पाहायला बाहेरचे कुणी नसे. मागे राहणाऱ्यांसाठी पर्यटन महामंडळाचा डिझेल जनरेटर होता. तो संध्याकाळी सात ते दहा, जेमतेम तीन तास चाले. मुलांचा अभ्यास, स्वयंपाक, मोबाइल चार्ज करणे, सगळे त्या तीन तासांत बसवायचे. डिझेलही होडीनेच यायचे.

उशीर का झाला, याचे उत्तर आकड्यांत आहे. काम पंधरा महिन्यांत झाले, खर्च सुमारे पंचवीस कोटी आला. घरगुती ग्राहक दोनशेच्या आसपास. म्हणजे एका जोडणीमागे साडेबारा लाख रुपये. वीजबिलातून हे पैसे कधीच वसूल होणार नाहीत. गिरणी, बंदर, कारखाना यांच्याकडे वीज धावत जाते, कारण ते खर्च भरून देतात. दोनशे घरांकडे ती जायची तर कुणीतरी तोटा सोसायचे ठरवावे लागते. ते ठरायला स्वातंत्र्यानंतर सत्तर वर्षे लागली.

दुसरी वाटही असते. स्कॉटलंडच्या एग बेटावर शंभराच्या आत-बाहेर माणसे राहतात. मुख्य भूमीवरून केबल आणणे परवडेना, तेव्हा त्यांनी पाणी, वारा आणि ऊन यांवर चालणारी स्वतःची यंत्रणा उभारली. ती १ फेब्रुवारी २००८ रोजी सुरू झाली. प्रत्येक घराने एका वेळी पाच किलोवॉटपेक्षा जास्त वीज ओढायची नाही, असा नियम केला आणि तो सगळ्यांनी पाळायचे मान्य केले. तिथे वीज गावाच्या मालकीची आहे. घारापुरीची वीज पलीकडच्या किनाऱ्यावरून येते. मोठ्या जहाजांच्या वाटेवरच्या चिखलातली केबल बिघडली, तर दुरुस्तीसाठीही पलीकडेच पाहावे लागणार.

तरीही मी केबलच्या बाजूचा आहे. एगच्या लोकांचे कौतुक करताना घारापुरीकरांना ‘तुम्हीही काटकसरीने भागवा’ असे सांगणे सोपे आहे, विशेषतः ज्याच्या घरातला पंखा कधी मोजून फिरत नाही त्याला. समोरच्या शहराला जी वीज मिळते तीच, तितकेच तास, आपल्यालाही मिळावी, एवढेच त्यांचे मागणे होते. बर्फ, थंड पाणी, रात्री उशिरापर्यंतचा अभ्यास, पंपाने चढवलेले पाणी: शहरात या गोष्टींची नोंदही कुणी ठेवत नाही. घारापुरीत त्यांना तारीख आहे.