रावबहादूर बोले यांचा ठराव

भंडारी समाजातील सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेकौन्सिलात ४ ऑगस्ट १९२३ रोजी संमत झाला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा व दवाखाने अस्पृश्यांस खुले असावेत, हा त्याचा आशय. महाडच्या म्युनिसिपालिटीने १९२४ साली तो स्वीकारला. चवदार तळे मात्र त्यांस बंदच राहिले. तेव्हा १९२६ साली बोल्यांनी, ठराव न पाळणाऱ्या संस्थांचे सरकारी अनुदान रोखण्याची सूचना मांडली. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांनी सहकाऱ्यांसह तेथील पाणी प्राशन केले. तो हक्क हायकोर्टात १९३७ साली टिकला. ठरावाचे अक्षर पाण्यापर्यंत पोहोचण्यास चौदा वर्षे लागली, हे देवळाच्या तळीवर स्नान करणाऱ्या आपण सर्वांनी स्मरणात ठेवावे.