नातलगांच्या पदरीं वाढणारीं पोरकीं बालकें

आईबाप निवर्तले म्हणजे आजी, मामा वा काका पोरास पदरीं घेतात. माया पुरी असते. हक्क मात्र कायद्याकडूनच मिळवावा लागतो. सन १८९० च्या पालक व पाल्य कायद्यान्वयें न्यायालय बालकाचें हित पाहून नातलगास पालक नेमूं शकतें. पण तें पालकत्व बालक सज्ञान होतांच संपतें. आम्हां ख्रिस्ती लोकांस दत्तकाचा स्वतंत्र कायदा नव्हता. सन २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या ५६ व्या कलमानें, धर्म कोणताही असो, नातलगाचें मूल दत्तक घेण्यास स्पष्ट मान्यता दिली. सन २०२२ च्या मिशन वात्सल्य योजनेंत नातलगांकडे वाढणाऱ्या पात्र अनाथास दरमहा ४००० रुपयांचें साहाय्य ठरलें. धर्मग्रामस्थ बंधुभगिनींनो, शेजारीं अशी आजी असेल, तर नुसती हळहळ नको. तिच्यासवें जिल्हा बाल संरक्षण कक्षापर्यंत चालत जा.