बुलढाणा जिल्ह्यातील सीताफळ

सीताफळ (शास्त्रीय नाव: ॲनोना स्क्वॅमोसा) हे बुलढाणा जिल्ह्याच्या डोंगराळ भागात शरद ऋतूत पिकणारे फळ आहे. साधारणतः सप्टेंबरअखेरपासून नोव्हेंबरपर्यंत, म्हणजे नवरात्र ते दिवाळी या सणांच्या काळात, ते आठवडी बाजारांत येते. पिकल्यावर ते दोन-तीन दिवसच टिकते. त्यामुळे त्याचा खरा आस्वाद ते पिकते त्या परिसरातच घेता येतो. मात्र याच नाशवंतपणामुळे ते गोळा करणाऱ्यांना मिळणारे मोल मर्यादित राहते.

नाव आणि मूळ

वऱ्हाडी बोलीत ‘ळ’चा ‘य’ होत असल्याने या फळास ‘सीताफय’ असेही म्हटले जाते. ‘सीता’ या नावामुळे ते प्राचीन भारतीय फळ असल्याचा समज रूढ आहे. वनस्पतिशास्त्रज्ञांच्या मते त्याचे मूळ उष्णकटिबंधीय अमेरिकेत असून पोर्तुगीजांमार्फत ते भारतात आले. एकोणिसाव्या शतकात अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी भरहुत येथील प्राचीन शिल्पांत सीताफळ दिसत असल्याचे प्रतिपादन केले होते. तथापि शिल्पांतील फळ नेमके कोणते, याविषयी मतभेद आहेत. रामफळ ही याच कुळातील वेगळी जाती आहे.

आढळ

अजिंठ्याच्या डोंगररांगेमुळे जिल्ह्याचे ‘घाटावरचा’ आणि ‘घाटाखालचा’ असे दोन भाग मानले जातात. घाटाखाली पूर्णा नदीच्या खोऱ्यात कापसाची काळी, खोल जमीन आहे, तर उत्तर सीमेवर सातपुडा आहे. सीताफळास खोल काळ्या जमिनीपेक्षा पाण्याचा निचरा होणारी हलकी, मुरमाड जमीन अधिक मानवते. म्हणून ते डोंगरउतार, शेताचे बांध आणि पडीक माळ येथे आपोआप वाढते. त्याच्या पानांना उग्र वास असल्याने शेळ्या व गुरे सहसा त्याला तोंड लावत नाहीत. चराईने उजाड झालेल्या टेकड्यांवरही सीताफळाची झुडपे टिकून राहतात, त्याचे हे एक प्रमुख कारण आहे.

फुलोरा व पक्वता

झाडास उन्हाळ्याच्या अखेरीपासून फुले येतात. प्रत्येक फूल आधी स्त्री-अवस्थेत आणि नंतर पुं-अवस्थेत असते. त्यामुळे परागीकरण लहान भुंगेऱ्यांवर अवलंबून राहते व पुष्कळ फुले फळ न धरताच गळतात. पावसाळी दमट हवेत फळधारणा सुधारते. फळ तयार होण्यास सुमारे चार महिने लागतात.

तयार फळाचे ‘डोळे’ मोठे होतात आणि त्यांमधील खाचा पिवळसर-पांढऱ्या दिसू लागतात. यालाच डोळे उघडणे म्हणतात. अशी फळे कुटारात किंवा धान्यात ठेवून पिकवतात. डोळे उघडण्यापूर्वी तोडलेले फळ मऊ पडले तरी त्यास गोडी येत नाही. कच्चे फळ शीतकपाटात ठेवल्यास साल काळी पडते व गर नीट पिकत नाही.

आहारातील उपयोग

पिकलेले फळ हाताने फोडून, बिया बाजूला काढत खाल्ले जाते. १०० ग्रॅम गरातून सुमारे १०० किलोकॅलरी ऊर्जा मिळते. सीताफळाची बासुंदी करताना गर दूध आटवून थंड केल्यावर मिसळतात, कारण उकळल्यास त्यास कडवटपणा येतो. बिया गिळल्या तरी सहसा अपाय होत नाही, परंतु त्या चावू नयेत. बियांची पूड कीटकनाशक असून डोळ्यांत गेल्यास गंभीर इजा होते. म्हणून उवांवर ती लावण्याचा घरगुती उपाय धोकादायक आहे.

विक्री आणि लागवड

रानातील फळे गोळा करून टोपल्यांतून विकणे हे डोंगराळ गावांतील गरीब कुटुंबांचे हंगामी उत्पन्न आहे. फळ ठेवता येत नसल्याने विक्रेत्यास दिवस मावळण्यापूर्वी मिळेल तो भाव स्वीकारावा लागतो. गर काढून गोठवण्याची सोय असल्यास ही अडचण कमी होते. आइस्क्रीम व मिठाई व्यवसायात अशा गराचा वापर होतो.

२००६ च्या वनहक्क कायद्याने पारंपरिक वननिवासींचा गौण वनोपजावरील हक्क मान्य केला आहे. अजिंठा रांगेतील ज्ञानगंगा आणि सातपुड्यातील अंबाबरवा ही जिल्ह्यातील अभयारण्ये असून तेथे वन्यजीव संरक्षण कायदाही लागू होतो.

महाराष्ट्रातील फळबागांत बाळानगर, अर्का सहान, फुले पुरंदर इत्यादी वाणांची लागवड केली जाते. त्यांची फळे सामान्यतः मोठी व अधिक गराची असतात. गावरान फळ लहान व बियाळ असते. राज्यातील बीडच्या सीताफळास भौगोलिक मानांकन प्राप्त आहे.

संवर्धन

गावरान सीताफळाची झाडे बियांपासून उगवत असल्याने त्यांच्यात आकार, गोडी व पक्वतेचा काळ यांबाबत मोठी विविधता आढळते. निवडीने नवे वाण तयार करण्यासाठी ती उपयुक्त असते. चढा भाव मिळवण्यासाठी केलेली अकाली तोड, फळांसाठी फांद्या मोडणे, वणवे आणि बांधावरील झाडांची सफाई यांमुळे ही विविधता घटते. अकाली तोडीचा फटका ग्राहकालाही बसतो: फळ हाती येते, पण गोडी मिळत नाही. डोळे उघडलेलीच फळे तोडण्याचा नियम गावाने एकत्रितपणे पाळल्यास झाड, विक्रेता आणि खाणारा या तिघांचेही हित साधते.