कोरा पाषाण, कोरलेला कातळ : पेण-रोह्यापासून राजापूरच्या सड्यापर्यंत

१/
मुंबई-गोवा महामार्गाने दक्षिणेस निघालेला प्रवासी पेण मागे टाकतो, कोलाडला रोह्याचा फाटा ओलांडतो आणि बऱ्याच तासांनी रत्नागिरी-राजापूरच्या सड्यांवर पोहोचतो. तेथे पायांखालच्या कातळात हत्ती, गेंडे, मासे आणि माणसे कोरलेली आहेत. पेण-रोह्याच्या परिसरात असे सडे नाहीत. एकाच कोकणात हा भेद का पडला?

२/
पेण-रोह्याच्या प्राचीन इतिहासाची चर्चा बहुधा लेण्यांपासून सुरू होते. रोह्याच्या दक्षिणेस, मांदाड खाडीच्या काठी कुडे येथे २६ बौद्ध लेणी आहेत. तेथील ब्राह्मी लेखांत महाभोज घराण्यातील व्यक्तींची आणि इतर दात्यांची नावे वाचता येतात. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची ही माणसे आपली ओळख स्वतःच सांगतात.

३/
त्याआधी येथे माणूस नव्हता काय? उत्तर कोकणात तो निश्चित होता. मुंबईच्या कांदिवली भागात के. आर. यू. टॉड यांना अश्मयुगीन दगडी हत्यारे मिळाली आणि १९३९ मध्ये त्यांनी त्यांवर शोधनिबंध प्रसिद्ध केला. कांदिवली ते पेण हे अंतर भटक्या शिकारी समूहाच्या दृष्टीने काही दिवसांच्या वाटेचे होते.

४/
म्हणून उत्तर आधी दगडात शोधावे लागते. पेण-रोह्याच्या डोंगरांचा दगड म्हणजे काळा बसाल्ट, लाव्हारसापासून बनलेला कठीण पाषाण. डोंगर उतरले की भातखाचरे, खारजमीन, मिठागरे आणि खाड्यांचा चिखल. माथेरानसारख्या उंच माथ्यावर जांभा आहे; पण चित्रांसाठी लागणारे मैलोगणती पसरलेले, उघडे, सपाट जांभ्याचे पठार येथे नाही.

५/
जांभा हा बसाल्टचाच दीर्घ काळाने झालेला अवतार. उष्ण हवामान आणि मुसळधार पाऊस यांमुळे मूळ खडकातील सिलिका वाहून जाते. लोह आणि ॲल्युमिनियमची संयुगे मागे उरतात. तांबडा रंग लोहाचा. १८०७ मध्ये फ्रान्सिस बुकानन याने मलबारातील या दगडाला विटेच्या लॅटिन शब्दावरून ‘लॅटराइट’ हे नाव दिले.

६/
नाव चपखल आहे. ताजा जांभा लोखंडी अवजाराने विटेसारखा कापता येतो आणि हवा लागली की टणक होतो. कोकणी घरांच्या भिंतींचा चिरा तो हाच. सड्यावर मात्र शतकानुशतके ऊनपाऊस खाऊन त्याचे काळपट कवच बनलेले असते. हे कवच खोदून काढले की आतील निराळ्या पोताची रेषा उमटते. कातळशिल्पांचे तंत्र इतकेच.

७/
तंत्र साधे, पण चित्रांचा आवाका मोठा. राजापूर तालुक्यातील कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर लांबीचा आहे आणि त्याच्या देहरेषेच्या आत इतर अनेक प्राणी कोरलेले आहेत. जवळ उभे राहिले तर केवळ खाचा दिसतात. आकृती डोळ्यांत भरण्यासाठी उंचीवर जावे लागते. कोरणाऱ्यांपाशी मात्र अशी उंची नव्हती. सारा आराखडा त्यांच्या मनात होता.

८/
हे लोक कोण होते, याचा सर्वांत बोलका पुरावा चित्रांच्या विषयांत आहे. हरिण, वाघ, हत्ती, रानडुक्कर, पक्षी; त्यांच्या जोडीला मुशी, पाकट, कासव असे जलचर. नांगर नाही, पेरणी-कापणीचा प्रसंग नाही. रान आणि समुद्र दोन्ही जाणणाऱ्या, शेती न करणाऱ्या शिकारी समूहांकडे हे संकेत जातात.

९/
त्यांत गेंडाही आहे. आजच्या कोकणात गेंडा नाही, म्हणून हे चित्र काल्पनिक ठरवण्याचा मोह होतो. परंतु गुजरातमधील लांघणज या मध्याश्मयुगीन स्थळी गेंड्याचे प्रत्यक्ष हाड मिळाले आहे. पश्चिम भारतात हा प्राणी एके काळी वावरत होता. सड्यावरील गेंडा बदललेल्या पर्यावरणाची साक्ष असू शकतो.

१०/
मग नेमका काळ कोणता? कार्बन-१४ पद्धतीला सेंद्रिय अवशेष लागतात आणि उघड्या कातळातील खाचेत ते टिकत नाहीत. भीमबेटकाची चित्रे शैलाश्रयांत असल्याने तेथील जमिनीतील थर खणून वस्तीचा कालक्रम लावता आला. सड्यावर तशी मातीच नाही. म्हणून काही अभ्यासक या चित्रांना दहा हजार वर्षांहून जुनी मानतात, तर काही चित्रे बरीच नंतरची असावीत, असेही मत आहे.

११/
या कोड्याची किल्ली सड्याबाहेरही असू शकते. सिंधुदुर्गातील कणकवली तालुक्यात कोळोशी येथील गुहेत उत्खनन झाले आणि दगडी हत्यारे हाती आली. गुहेत थर साचतात, थरांत हत्यारे राहतात. अशा वस्तीचा काळ ठरला, तर सड्यावर चित्रे कोरणारे हात कोणत्या युगातले, याचा अंदाज अधिक भक्कम होईल.

१२/
शोधाची कथाही विलक्षण आहे. रत्नागिरीतील सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि सुरेंद्र ठाकूरदेसाई यांनी वर्षानुवर्षे सडे पायी धुंडाळले. त्यांचे मोठे साहाय्यक ठरले स्थानिक ग्रामस्थ आणि गुराखी. गुरांमागे फिरताना ही चित्रे त्यांच्या नजरेत होतीच. संशोधकांनी विचारले तेव्हा पिढीजात माहिती इतिहासाचे साधन बनली.

१३/
सीमेपलीकडे गोव्यातही असेच घडले. कुशावती नदीकाठच्या उसगाळीमळ, म्हणजेच फणसईमळ, येथील चित्रे १९९३ मध्ये ग्रामस्थांच्या माहितीवरून अभ्यासकांपुढे आली. तेथील जांभ्यात प्राण्यांसह एक वर्तुळाकार चक्रव्यूह कोरलेला आहे. जांभ्याचा पट्टा जसा राज्यसीमा मानत नाही, तशी ही कलाही मानत नाही.

१४/
२०२२ मध्ये कोकणातील कातळशिल्पे युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आली. उक्षी, जांभरुण, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू, देवाचे गोठणे, कुडोपी आणि गोव्यातील फणसईमळ अशी ही नऊ स्थळे. यादीतील नोंद हा सन्मान आहे. संरक्षण आपोआप त्यामागून येत नाही.

१५/
संकट त्याच दगडातून उद्भवते. ज्या जांभ्यावर चित्र आहे, तोच जांभा चिरेखाणीत चिरा म्हणून विकला जातो. सडा ‘पडीक’ समजून त्यावरून रस्ता जातो, बागेसाठी खड्डे पडतात, खाण सुरू होते. बारसूच्या सड्यावर दोन वाघांमध्ये उभा मनुष्य कोरलेला आहे. २०२३ मध्ये त्याच परिसरात तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी माती परीक्षण सुरू झाले आणि कातळशिल्पांचा प्रश्न देशभर चर्चिला गेला.

१६/
तोडगा अशक्य नाही. रत्नागिरी तालुक्यातील उक्षी येथे हत्तीच्या चित्राभोवती संरक्षक कठडा उभा राहिला आणि तेथे गावाने पुढाकार घेतला. सड्याची मालकी बहुतेक ठिकाणी खासगी असते. त्यामुळे जमीनमालकाला मोबदला, गावाला पर्यटनाचा वाटा आणि चित्राला कायद्याचे कवच, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या तरच कातळ वाचतो.

१७/
आता पुन्हा पेण-रोह्याकडे. तेथील आदिम माणसांनी चित्रे काढलीच नाहीत, असा निष्कर्ष निघत नाही. वाळूवर, सालीवर, अंगावर, झोपडीच्या कुडावर काढलेली रेषा टिकत नाही. पेणच्या गणेशमूर्तींची कीर्ती दूरवर आहे, पण शाडूची मूर्ती पाण्यात विरते. कलेचे अस्तित्व आणि कलेचे टिकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

१८/
उत्तरेत दगडाने साथ दिली नाही, म्हणून त्या माणसांची रेषा हरवली. दक्षिणेत दगडाने ती हजारो वर्षे सांभाळली. तेथे ती पुसली गेली, तर दोष काळाचा नसेल. सड्यावर खाच दिसली की तीत खडू वा रंग भरू नये, तिच्यावर पाय देऊ नये. छायाचित्र घ्यावे, जागा नोंदवावी आणि ग्रामपंचायत व पुरातत्त्व विभागाला कळवावे. आणि गुराख्याला अवश्य विचारावे. पुढचा सडा बहुधा त्यालाच ठाऊक असतो.