मृत्यूची नोंद ठेवणारा अधिकारी

'हॅम्लेट'च्या पाचव्या अंकात थडगे खणणारे दोघे ऑफेलियाच्या दफनाविषयी खल करतात, तेव्हा त्यांच्या तोंडी 'क्राउनर' हा शब्द येतो. क्राउनर म्हणजेच कोरोनर. त्या प्रवेशातील विनोदामागे या अधिकाऱ्याची दीर्घ परंपरा उभी आहे.

या पदाचा जन्म मृतांविषयीच्या कळवळ्यातून झाला नाही, हे आम्ही आधीच सांगू इच्छितो. ११९४ साली पहिल्या रिचर्डच्या सुटकेसाठी दिलेल्या खंडणीने इंग्लंडचा खजिना रिता झाला होता. त्याच वर्षी प्रत्येक काउंटीत तीन नाइट आणि एक कारकून निवडून त्यांच्यावर राजाच्या हक्कातील दाव्यांची नोंद ठेवण्याचे काम सोपवले गेले. आकस्मिक मृत्यू झाला की कोरोनरने पंचांसह प्रेत पाहावे, कारण विचारावे आणि राजाचे देणे किती ते लिहून ठेवावे, अशी रीत होती. आत्महत्या ठरल्यास मृताची चीजवस्तू जप्त होई. ही जप्ती १८७० पर्यंत कायद्यात होती. ज्या गाडीखाली माणूस चिरडला, ती गाडी वा तिची किंमतही राजाकडे जाई. रेल्वे आल्यावर इंजिनांवरही असा दंड बसू लागला आणि १८४६ साली ही प्रथा रद्द झाली.

महसूल गेला, प्रश्न मात्र उरले: मृत कोण, मृत्यू केव्हा, कुठे आणि कसा झाला? कोरोनर कोणाला शिक्षा करीत नाही. केवळ उत्तर शोधतो. परंतु 'कसा' या एका शब्दाचे मोल केवढे, हे हिल्सबरोने दाखवले. १९८९ साली शेफील्डच्या त्या मैदानात चेंगराचेंगरी झाली. १९९१ साली ज्यूरीने 'अपघाती मृत्यू' असा निर्णय दिला. त्या चौकशीत दुपारी सव्वातीननंतरच्या घटनांचा विचारच झाला नव्हता. आप्तांनी हार मानली नाही. २०१२ साली तो निर्णय रद्द झाला आणि २०१६ साली नव्या ज्यूरीने ९६ जणांचा मृत्यू बेकायदा मनुष्यवधाने झाल्याचे नोंदवले. प्रेक्षकांचा दोष नाही, असेही सांगितले.

मुंबईतही १८७१ च्या कायद्यान्वये कोरोनर होता. ते पद १९९९ साली रद्द झाले. पदे येतात, जातात. परंतु मेलेल्या माणसाविषयी सर्वांसमक्ष प्रश्न विचारण्याची आणि उत्तर चुकले तर ते पुन्हा विचारण्याची सोय समाजाने गमावू नये, असे आम्हांस वाटते.