प्रयोगशाळा, विद्यार्थ्यांच्या : भौतिकी व ज्योतिषशास्त्र

विद्यार्थ्याने स्वतः उपकरण जुळवून तरंग, प्रकाश व खस्थ ज्योती यांचे निरीक्षण आणि मापन करावे, यासाठी शिक्षणसंस्थेत केलेली सोय. ही प्रथा आज अंगवळणी पडली असली, तरी तिचा इतिहास जेमतेम दीड शतकाचा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत प्रयोग प्राध्यापक करीत व विद्यार्थी बाकांवरून ते पाहत. विल्यम टॉमसन (लॉर्ड केल्व्हिन) यांनी ग्लासगो विद्यापीठात एका जुन्या मद्यकोठीत विद्यार्थ्यांना काम करू दिले. परंतु तेथील कामाचा रोख त्यांच्या स्वतःच्या संशोधनाला लागणाऱ्या मापनांकडे होता.

सर्व वर्गाला प्रयोग करू द्यावयाचे, तर प्रत्येक उपकरणाचे अनेक संच हवेत, ही खरी अडचण होती. ती एडवर्ड चार्ल्स पिकरिंग (१८४६–१९१९) यांनी मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत १८६९ च्या सुमारास सोडविली. प्रत्येक प्रयोगाचे उपकरण ठरलेल्या मेजावर कायम मांडलेले असे व त्याची कृती लिहून ठेवलेली असे. विद्यार्थी पाळीपाळीने एका मेजावरून दुसऱ्या मेजाकडे जात. कोणत्या प्रयोगावर कोण आहे, हे फलकावरील नावांच्या चिठ्ठ्यांवरून कळे. एकाच वेळी निरनिराळे प्रयोग चालत असल्याने प्रत्येक उपकरणाचा एकच संच पुरे. युक्ती साधी होती, पण प्रयोगशाळा संस्थांच्या आवाक्यात आली ती तिच्यामुळेच. या पद्धतीवरील पिकरिंग यांचा ग्रंथ दोन भागांत (१८७३, १८७६) प्रसिद्ध झाला.

पिकरिंग यांचे हे वर्ग पाहण्यास सारा फ्रान्सिस व्हायटिंग (१८४७–१९२७) या पाहुण्या म्हणून जात. स्त्रियांसाठी नव्यानेच निघालेल्या वेलस्ली महाविद्यालयात त्या भौतिकी शिकवीत. तेथे त्यांनी १८७८ मध्ये विद्यार्थिनींसाठी प्रयोगशाळा उभारली. विद्यार्थिनी वर्णपटदर्शक स्वतः हाताळीत, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. ज्योतिषशास्त्रासाठी मात्र आरंभी एक खगोल व सु. १० सेंमी. व्यासाचा दूरदर्शक एवढीच सामग्री होती. वेधशाळा झाली ती १९०० मध्ये. आकाश महाविद्यालयाचे वेळापत्रक पाळीत नाही, या नित्याच्या अडचणीवर उपाय म्हणून व्हायटिंग यांनी छायाचित्रे, खगोल व साधी उपकरणे यांवर आधारलेले दिवसा करण्याजोगे पाठ तयार केले. रात्रीच्या पाठांसह ते १९१२ मध्ये पुस्तकरूपाने निघाले.

या प्रयोगशाळेचे फलित ॲनी जंप कॅनन (१८६३–१९४१) यांच्या कार्यात दिसते. व्हायटिंग यांच्याकडे वर्णपटविज्ञानाचे धडे घेतलेल्या कॅनन १८९६ मध्ये हार्व्हर्ड वेधशाळेत दाखल झाल्या. तिचे संचालक तेव्हा पिकरिंगच होते. तेथे कॅनन यांनी सव्वादोन लाखांवर ताऱ्यांच्या वर्णपटांचे वर्गीकरण केले. ते १९१८–२४ या काळात प्रसिद्ध झाले.

भारतात कावसजी दादाभाई नायगमवाला यांच्या वर्णपटविषयक प्रयोगशाळेस भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांनी साहाय्य केले. तिचीच पुढे पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयातील वेधशाळा झाली. १८८८ मध्ये तेथे सु. ५१ सेंमी. व्यासाचा परावर्तक दूरदर्शक बसविण्यात आला. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाचे वेध नायगमवाला यांनी जेऊर येथून घेतले. तथापि वेधशाळेचा सारा भार एकाच व्यक्तीवर होता. नायगमवाला निवृत्त झाल्यावर १९१२ मध्ये ती बंद पडली व तिची उपकरणे कोडाईकानल येथे गेली.

दरम्यान अमेरिकेत प्रयोगशाळेचे स्वरूप पालटत होते. हार्व्हर्ड विद्यापीठाने १८८६ च्या सुमारास प्रवेशार्थींसाठी प्रयोगांची यादी काढली. एडविन हॉल यांनी सिद्ध केलेल्या या यादीमुळे माध्यमिक शाळांत प्रयोगशाळा झपाट्याने निघाल्या. पण उत्तर आधीच ठाऊक असलेली मापने वहीत उतरविणे, एवढ्यावरच पुष्कळ ठिकाणी भागू लागले. चांगल्या साधनाचे असे कर्मकांड होणे इतरत्रही, आपल्याकडेही, घडले आहे.

याविरुद्धचा मोठा प्रयत्न १९५६ मध्ये, पुन्हा मॅसॅचूसेट्सच्याच संस्थेत, जेरोल्ड झकारायस यांच्या पुढाकाराने सुरू झाला. शालेय भौतिकीच्या या नव्या अभ्यासक्रमात तरंगटाकीला महत्त्वाचे स्थान मिळाले. काचेचा तळ असलेल्या उथळ टाकीत पाण्यावर लाटा उठवितात व वर ठेवलेल्या दिव्यामुळे त्यांच्या छाया खाली कागदावर पडतात. दोन टोकांनी एकाच लयीत पाणी हलविले की, काही रेषांवर पाणी जवळजवळ स्थिर राहिलेले दिसते. प्रकाशाचे व्यतिकरण विद्यार्थ्यांना त्यानंतर शिकविले जाई. दोन फटींतून आलेल्या प्रकाशाचे काळे-उजळ पट्टे पाहताना या स्थिर रेषा त्यांच्या ओळखीच्या झालेल्या असत.