भट्ट्यांची व्यक्तिचित्रे आणि ड्युसेलडॉर्फचा वर्ग

युद्धोत्तर जर्मन छायाचित्रणाचा विचार बेर्न्ड आणि हिल्ला बेखर या दाम्पत्याला वगळून करता येत नाही. बेर्न्ड यांचा जन्म १९३१ मध्ये झीगन या खाणी आणि लोखंड उद्योगाच्या परिसरातील गावी झाला. त्यांचे रीतसर शिक्षण चित्रकलेचे. परिचयाच्या एका खाणीची रेखाटने ते करीत असतानाच ती पाडली जाऊ लागली. पाडकामाच्या वेगाशी हाताचा वेग जुळेना, म्हणून त्यांनी कॅमेरा जवळ केला. पॉट्सडॅममध्ये १९३४ साली जन्मलेल्या हिल्ला मात्र मुळातच प्रशिक्षित छायाचित्रकार. १९५७ मध्ये ड्युसेलडॉर्फ येथे दोघांची भेट झाली. १९५९ पासून त्यांनी एकत्र काम सुरू केले आणि १९६१ मध्ये ते विवाहबद्ध झाले.

झोतभट्ट्या, जलकुंभ, गॅसच्या टाक्या, चुनाभट्ट्या, खाणीच्या तोंडावरचे मनोरे हे त्यांचे विषय. ज्यांच्याकडे कोणी सौंदर्य म्हणून पाहिले नव्हते, अशा या वास्तू. मोठ्या आकाराच्या फिल्मचा अवजड कॅमेरा, ढगाळ आकाश, सपाट प्रकाश, शक्यतो उंचावरून घेतलेला समोरचा कोन आणि चौकटीत माणूस नाही, ही शिस्त त्यांनी चार दशकांहून अधिक काळ पाळली. सावली पडली की वास्तूचा आकार हरवतो, म्हणून सूर्यप्रकाश वर्ज्य! एकाच प्रकारच्या वास्तूंची नऊ, बारा किंवा पंधरा कृष्णधवल छायाचित्रे ते ओळीने मांडीत. अशी पंधरा जलकुंभांची मांडणी पाहताना प्रथम सारे एकसारखेच भासतात. मग हळूहळू प्रत्येकाचा चेहरा वेगळा दिसू लागतो. १९६६ मध्ये त्यांनी इंग्लंड आणि दक्षिण वेल्समधील कोळसा पट्ट्यात सहा महिने भ्रमंती केली. १९७४ पासून उत्तर अमेरिकेतही चित्रण केले. १९७० च्या त्यांच्या पुस्तकाचे शीर्षक ‘अनामिक शिल्पे’ असे होते. व्हेनिस बिएनालेने १९९० मध्ये त्यांना सुवर्णसिंह दिला, तोही छायाचित्रणासाठी नव्हे, तर शिल्पकलेसाठी.

बेर्न्ड १९७६ मध्ये ड्युसेलडॉर्फच्या कला अकादमीत छायाचित्रणाचे प्राध्यापक झाले. प्रामुख्याने चित्रकारांच्या या संस्थेत तोवर छायाचित्रणाला स्थान नव्हते. नियमांमुळे हिल्ला यांची संयुक्त नियुक्ती होऊ शकली नाही. छायाचित्रांवर दोघांची नावे आणि प्राध्यापकपद मात्र एकाचेच, ही विसंगती बेर्न्ड १९९६ मध्ये निवृत्त होईपर्यंत कायम राहिली. अध्यापनात हिल्ला यांचा वाटा मोठा होता, हे आता सर्वमान्य आहे. अकादमीच्या दफ्तरी त्याची नोंद व्हायला हवी होती, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

या वर्गातून कँडिडा ह्योफर, थॉमस स्ट्रूथ, अ‍ॅक्सेल ह्युटे, थॉमस रूफ आणि आंद्रेआस गुर्स्की असे छायाचित्रकार घडले. गुरूंची अलिप्त, नेमकी दृष्टी त्यांनी घेतली. पण अनुकरण केले नाही. ह्योफर यांनी निर्मनुष्य ग्रंथालये टिपली, तर रूफ यांनी ओळखपत्रावरच्या फोटोसारखे निर्विकार चेहरे भिंतीएवढे केले. गुर्स्की तर रंग, प्रचंड आकार आणि संगणकीय फेरफार यांच्याकडे वळले. त्यांचे १९९९ चे ‘ऱ्हाईन २’ हे छायाचित्र २०११ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात ४३ लाख डॉलरहून अधिक किमतीला विकले गेले. गंमत अशी, की त्या दृश्यातून त्यांनी पुसून टाकलेल्या गोष्टींमध्ये कारखान्याची एक इमारतही होती. अशाच इमारती जपण्यासाठी त्यांच्या गुरूंनी आयुष्य वेचले होते!

हे जतन केवळ कागदावरचे नव्हते. डॉर्टमुंडजवळील झोलर्न खाणीचे यंत्रगृह पाडले जाऊ नये, यासाठी १९६९ मध्ये झालेल्या प्रयत्नांत बेखर दाम्पत्य सहभागी होते. ते यंत्रगृह वाचले. आज तेथे संग्रहालय आहे.

२००२ मध्ये इरॅस्मस आणि २००४ मध्ये हॅसलब्लाड पुरस्काराने दोघांचा गौरव झाला. बेर्न्ड यांचे २००७ मध्ये, तर हिल्ला यांचे २०१५ मध्ये निधन झाले. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने २०२२ मध्ये त्यांचे सिंहावलोकनी प्रदर्शन भरविले. तेथे मांडलेल्या छायाचित्रांतील अनेक वास्तू तोवर जमीनदोस्त झाल्या होत्या.